सरासरी आयुर्मान ७३ म्हणजे नेमकं काय?

एका वाचकाने विचारलं आहे: "जगाचं सरासरी आयुर्मान ७३ वर्षं आहे असं वाचलं. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. म्हणजे त्यांच्या हातात दोनच वर्षं उरली का? सव्वाशे वर्षांपूर्वी हाच आकडा तिशीच्या आसपास होता म्हणतात. मग तेव्हा माणसं तिशी-पस्तिशीतच म्हातारी होऊन मरायची का? आणि एवढ्या एका आकड्यावरून अख्ख्या समाजाची तब्येत कशी ठरवतात?"

पहिल्या प्रश्नामागे काळजी आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. नाही, दोन वर्षं उरलेली नाहीत. ७३ हा आकडा आज जन्मलेल्या बाळाचा आहे. तुमचे वडील लहानपणचे आजार, तरुणपणातले अपघात, चाळिशी-पन्नाशीतले हृदयविकाराचे झटके हे सगळे टप्पे मागे टाकून ७१ला पोचले आहेत. त्या टप्प्यांवर जे गेले त्यांची थोडकी वर्षं ७३च्या सरासरीत मिसळलेली आहेत, आणि वडिलांच्या हिशेबात ती धरायचं काहीच कारण नाही. जगभराचा विचार केला तर पासष्टी गाठलेल्या माणसापुढे सरासरी सोळा-सतरा वर्षं असतात. सत्तरी ओलांडलेल्यापुढेही दहाहून जास्त असतात. माणूस जगत जातो तसं त्याचं अपेक्षित वयही पुढे सरकत जातं.

आता हा आकडा येतो कुठून ते सांगतो. गेली पंचवीसेक वर्षं मी मृत्यूच्या नोंदींवरून जीवनसारण्या (कोणत्या वयात किती जण जातात आणि त्या वयापुढे सरासरी किती वर्षं उरतात याचे तक्ते) तयार करण्याचं काम करतो आहे, आणि माझा अनुभव असा की सारणी कशी बनते हे एकदा कळलं की बाकीचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

कागदावर एक लाख बाळं घ्या. यंदा पहिला वाढदिवस न पाहता किती बाळं दगावली, ते प्रमाण या लाखाला लावा आणि तेवढी वजा करा. उरलेल्यांना पुढच्या वर्षात न्या आणि तिथे यंदा एक वर्षाच्या मुलांमध्ये जे मृत्यूचं प्रमाण दिसलं ते लावा. मग दोन वर्षांच्या मुलांचं, तीन वर्षांच्या मुलांचं, असं करत करत शंभरीपर्यंत आणि त्याही पुढे, शेवटचा माणूस संपेपर्यंत जा. मग या लाखजणांनी मिळून एकूण किती वर्षं जगून काढली त्याची बेरीज करा आणि तिला लाखाने भागा. भागाकार आला तो जन्मवेळचा अपेक्षित आयुर्मानाचा आकडा.

त्या लाखातलं एकही बाळ खरं नाही, ही गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. या बाळांना आपण आजच्या पाच वर्षांच्या मुलांचा, आजच्या चाळिशीतल्यांचा आणि आजच्या नव्वदीतल्यांचा धोका एकाच आयुष्यात भोगायला लावतो. यंदा जन्मलेलं खरं बाळ चाळिशीला पोचेल ते चाळीस वर्षांनंतरच्या जगात. तिथे औषधं वेगळी असतील, हवा वेगळी असेल, कदाचित नवे आजारही असतील. त्यामुळे आयुर्मान हे भाकीत नाही. ती या वर्षीच्या मृत्यूंची, सगळ्या वयांची एका चौकटीत काढलेली तसबीर आहे.

याचा सगळ्यात ठसठशीत दाखला १९१८चा आहे. अमेरिकेत १९१७ साली आयुर्मान सुमारे ५१ वर्षं होतं. १९१८ला इन्फ्लुएंझाची साथ आली आणि ते ३९वर कोसळलं. १९१९ला ते जवळपास ५५ झालं. १९१८ला जन्मलेली मुलं काही सरासरी ३९ वर्षं जगून गेली नाहीत, त्यातली कितीतरी सत्तरी-ऐंशीपार गेली. ३९चा अर्थ एवढाच की १९१८सारखं वर्ष कुणाच्या आयुष्यात दरवर्षी आलं असतं, तर सरासरी तेवढंच जगणं वाट्याला आलं असतं. तसं कुणाच्याही वाट्याला आलं नाही. पण त्या एका वर्षात किती भयानक घडलं हे तो आकडा अचूक सांगतो. कोविडच्या काळात जगाचं आयुर्मान २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत पावणेदोन वर्षांच्या आसपास घसरलं, तेव्हा "प्रत्येकाच्या आयुष्यातली पावणेदोन वर्षं गेली" असं अनेकांनी लिहिलं. तसं नव्हतं. जे दगावले त्यांची बरीच जास्त वर्षं गेली, आणि जे वाचले त्यांतल्या बहुतेकांची एकही गेली नाही.

आता तिशी-पस्तिशीचा प्रश्न. दहा बाळं जन्मली असं समजा. चार पहिल्याच वर्षाच्या अखेरीला गेली आणि सहाजण ५८ वर्षं जगले. बेरीज करा: चार अधिक ३४८, म्हणजे ३५२. दहाने भागलं की ३५.२. या दहांचं सरासरी आयुर्मान पस्तीस, पण पस्तिशीत मेलेला त्यांत एकही नाही! जुन्या काळातलं वास्तव याच जातीचं होतं. तारुण्यातले मृत्यूही तेव्हा आजच्यापेक्षा खूप जास्त होते, क्षय होता, बाळंतपणात बायका जात होत्या. तरी सरासरी खाली ओढणारं सगळ्यात मोठं ओझं कोवळ्या वयातल्या मृत्यूंचंच होतं. लंडनच्या जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ साली शहरातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवरून पहिल्यांदा असा हिशेब मांडला. त्या याद्यांत वय लिहिलेलंच नसे. कोणता आजार मुलांना होतो यावरून त्याने अंदाज बांधला की जन्मलेल्या शंभरांतले ३६ जण सहा वर्षांचे होण्याआधीच जातात. तीस-एक वर्षांनी, १६९३ला, एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने ब्रेस्लाव शहरातल्या वयासकट नोंदी वापरून बरीच पक्की सारणी केली. (ते शहर आज पोलंडमध्ये आहे. धूमकेतूमुळे नाव माहीत असलेला हॅली तो हाच.)

वरच्याच उदाहरणात चारऐवजी एकच बाळ दगावलं असं धरा. बाकी नऊ जण ५८ वर्षंच जगले. सरासरी होते ५२.३. मोठ्या माणसांच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडली नाही, तरी आकडा १७ वर्षांनी वर गेला. आता पुढचा टप्पा पाहा. त्या नऊ जणांना प्रत्येकी पाच वर्षं जास्त मिळाली, म्हणजे ते ६३पर्यंत जगले. सरासरी ५६.८, वाढ फक्त साडेचारची. लस, स्वच्छ पाणी, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी देणं, सुरक्षित बाळंतपण या गोष्टींनी विसाव्या शतकात आयुर्मान झपाट्याने का वाढलं आणि नंतर वेग का मंदावला, हे या साध्या हिशेबात दिसतं. मूल वाचलं की पुढची पन्नास-साठ वर्षं वाचतात. ऐंशी वर्षांच्या माणसाला वाचवलं की मिळतात ती थोडी वर्षं. त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना ती मोलाचीच असतात, पण सरासरीत ती जेमतेम दिसतात.

याच कारणाने अनेकांना चक्रावून टाकणारी एक गोष्ट: कर्करोग जगातून उद्या पूर्ण नाहीसा झाला, तर पुढारलेल्या देशांतलं आयुर्मान साधारण तीन वर्षांनीच वाढेल. कर्करोग बहुतेकदा उतारवयात होतो आणि त्यातून सुटलेल्या माणसाला हृदयविकार किंवा पक्षाघात गाठायला टपलेला असतो. पण "तीनच वर्षं ना" म्हणून कुणी खांदे उडवले की मला राग येतो. ती तीन वर्षं सगळ्यांवर पसरवलेली आहेत. जिथे चार-पाच मृत्यूंमागे एक कर्करोगाचा असतो, तिथे त्या एकाच्या पदरात बारा ते पंधरा वर्षं पडतात.

मग समाजाची तब्येत मोजायला हाच आकडा का घेतात? सरळ दर हजारी मृत्यू का मोजत नाहीत? कारण तो ढोबळ मृत्युदर फसवतो. जपानमध्ये दर हजार लोकांमागे वर्षाला दहाहून जास्त मृत्यू होतात, कतारमध्ये दोनपेक्षाही कमी. यावरून कतारचे लोक जपान्यांपेक्षा पाचपट निरोगी ठरत नाहीत. कतारमध्ये कामासाठी आलेली धडधाकट तरुण माणसं बहुसंख्य आहेत आणि जपान म्हाताऱ्यांचा देश आहे, एवढाच त्याचा अर्थ. आयुर्मान काढताना प्रत्येक वयाचा धोका वेगळा घेतला जातो आणि तो त्याच कल्पित लाखांना लावला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात म्हातारे किती आणि तरुण किती याने फरक पडत नाही. तसं मोजलं की जपान ८४-८५च्या घरात, कतारच्या पुढे असतो. दोन देश, दोन काळ, दोन वस्त्या शेजारी ठेवून तुलना करता यावी, हे या आकड्याचं खरं बळ आहे.

दुसरं बळ म्हणजे समाजात काही बिघडलं की तो बोलतो. सोव्हिएत रशियात १९८५ साली दारूविरोधी मोहीम सुरू झाली. पुरुषांचं आयुर्मान ६२च्या आसपास होतं, ते दोन वर्षांत ६५च्या जवळ गेलं. मग मोहीम गुंडाळली गेली, पाठोपाठ देश फुटला, नोकऱ्या गेल्या, आणि १९९४पर्यंत पुरुषांचा आकडा ५८च्याही खाली आला. एवढे बळी घेणारी साथ नव्हती, दुष्काळ नव्हता. मरत होते ते कामाच्या वयातले पुरुष, दारूने, हृदयविकाराने, हाणामारीत, आत्महत्येत. अमेरिकेतही २०१४ नंतर तीन वर्षं आयुर्मान किंचित घटत गेलं, त्यात अमली औषधांच्या अतिसेवनाचे मृत्यू ठळक होते. ७८.९वरून ७८.६ म्हणजे दिसायला क्षुल्लक. पण शांततेच्या काळात श्रीमंत देशाचा आकडा सलग खाली जाणं ही आमच्या क्षेत्रात धोक्याची घंटा असते.

आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचं उदाहरण मला शिकवताना नेहमी उपयोगी पडतं. एचआयव्हीच्या साथीत तिथलं आयुर्मान साठीच्या घरातून पन्नाशीच्या खाली गेलं. नंतर सरकारने औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आणि आकडा परत वर चढला. औषधांमुळे बाधित माणसं जगू लागली. माणसं जगली की बाधित लोकांचं प्रमाण लवकर घटत नाही. म्हणजे आजाराचं प्रमाण पाहणाऱ्याला वाटतं, परिस्थिती जैसे थे. आयुर्मान पाहणाऱ्याला दिसतं, माणसं वाचताहेत. दोघांचेही आकडे बरोबर असतात.

आयुर्मानात फक्त मृत्यू मोजला जातो, हे मात्र विसरायचं नाही. अंथरुणाला खिळून काढलेलं वर्ष आणि डोंगर चढून काढलेलं वर्ष त्याच्या लेखी सारखंच. गुडघेदुखी, बहिरेपण, नैराश्य, स्मृतिभ्रंशाची सुरुवातीची वर्षं यांतलं काहीही त्यात उमटत नाही. म्हणून निरोगी आयुर्मान वेगळं काढतात. डॅनियल सलिव्हन यांनी १९७१ साली मांडलेली पद्धत सोपी आहे: सारणीतल्या प्रत्येक वयाला जगलेल्या वर्षांतून आजारपणात किंवा अपंगत्वात जाणारा वाटा वजा करायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ला जगाचं आयुर्मान ७३च्या आसपास होतं आणि निरोगी आयुर्मान ६३-६४. मधली जवळपास दहा वर्षं दुखण्यात जातात. बायका पुरुषांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं जास्त जगतात, पण त्या जास्तीच्या वर्षांतला मोठा भाग याच दुखण्याच्या खात्यात पडतो. अर्थात निरोगी आयुर्मानाचा आकडा कमी भरवशाचा असतो. मृत्यू झाला की नाही यावर दुमत होत नाही, पण "तुमची तब्येत कशी आहे" या प्रश्नाचं उत्तर माणसागणिक आणि समाजागणिक बदलतं.

सरासरीच्या पोटात विषमता दडलेली असते, हे तर आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८च्या अहवालात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो परिसरातल्या दोन वस्त्या शेजारी ठेवल्या होत्या: कॅल्टनमध्ये पुरुषांचं आयुर्मान ५४, लेन्झीमध्ये ८२. अंतर काही किलोमीटरचं आणि फरक २८ वर्षांचा. अमेरिकेत २०१६ला प्रसिद्ध झालेल्या राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सर्वांत श्रीमंत एक टक्का आणि सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांमध्ये १४.६ वर्षांची दरी निघाली. असे आकडे वाचताना अंगावर काटा येतो, यायलाही हवा. पण लहान वस्तीचा आकडा हाती आला की मी आधी दोन गोष्टी तपासतो. मृत्यू एकूण किती होते? दहा-वीस मृत्यूंवर काढलेलं आयुर्मान पुढच्या वर्षी पाच वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकतं. आणि तिथे राहायला कोण येतं? आजारी, निराधार माणसं स्वस्त वस्तीत येतात आणि तिथेच मरतात. त्यांची तब्येत त्या वस्तीने बिघडवलेली असतेच असं नाही. हे तपासूनही दरी उरतेच, आणि जी उरते तिच्याबद्दल मग ठामपणे बोलता येतं.

आणि पैशाने सगळं ठरतं असंही नाही. सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ साली दाखवलं की उत्पन्न वाढतं तसं आयुर्मान वाढतं, पण एका मर्यादेनंतर ती वाढ सपाट होत जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच उत्पन्नाला १९६०च्या दशकात १९३०च्या दशकापेक्षा बरंच जास्त आयुर्मान मिळत होतं. मधल्या काळात जंतूंबद्दलचं ज्ञान, लसी, डासांवरचं नियंत्रण हे सगळं गरीब देशांतही पोचलं होतं. कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या पासंगालाही पुरत नाही, तरी आयुर्मान ८०च्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या तोडीचं किंवा थोडं वरच आहे.

आता आमच्या कामातली सगळ्यात नाजूक जागा: नोंदी. सारणी कितीही नेटकी असली तरी मृत्यू नोंदवलेच नसतील तर ती खोटं बोलते, आणि नेहमी एकाच बाजूला झुकून बोलते. न नोंदवलेला मृत्यू सारणीत जिवंत राहतो. एकदा माझ्यापुढे एका भागाची आकडेवारी आली, आयुर्मान शेजारच्या सगळ्या भागांपेक्षा चांगलं. कौतुकाचं पत्र जायच्या बेतात होतं. मी वयाप्रमाणे मृत्यू मांडले तर पहिल्या आठवड्यातले बालमृत्यू जवळजवळ शून्य. असं होणं शक्यच नव्हतं. जन्मून एक-दोन दिवसांत गेलेली बाळं एक तर नोंदलीच जात नव्हती किंवा मृतजन्म म्हणून लिहिली जात होती. हजार जन्मांमागे असे दहा मृत्यू सुटले तरी आयुर्मान पाऊण वर्षाने फुगतं. नंतर नोंदणी सुधारली आणि आकडा घटला. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना बोल लागला, जेव्हा त्यांनी खरं तर सगळ्यात प्रामाणिक काम केलं होतं. ते अजून मला सलतं.

जिथे नोंदणी फारच अपुरी आहे तिथे आडवाटेने जावं लागतं. घरोघर जाऊन बायकांना विचारतात, किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत. विल्यम ब्रास यांनी या दोन साध्या प्रश्नांवरून बालमृत्यूचं प्रमाण काढण्याची रीत बसवली. मग त्या प्रमाणाशी जुळणारी नमुना सारणी (चांगल्या नोंदी असलेल्या देशांवरून आधीच बनवून ठेवलेली) घेऊन मोठ्या वयाचे मृत्यू अंदाजाने भरतात. म्हणजे काही देशांच्या आयुर्मानातला अर्धा भाग मोजलेला आणि अर्धा अनुमानाचा असतो. अशा दोन देशांत चार-सहा महिन्यांचा फरक दिसला म्हणून क्रमवारी लावत बसू नये.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: एका आकड्यावरून तब्येत बरी की वाईट एवढं कळतं, पण दुखतंय कुठे ते कळत नाही. त्यासाठी मी तोच आकडा तीन तुकड्यांत पाहतो. जन्मलेल्या हजारांतली किती मुलं पाचव्या वर्षाआधी जातात, हे पहिलं. यात पाणी, पोषण, लसीकरण आणि बाळंतपणाची सोय दिसते. पंधराव्या वर्षी जिवंत असलेल्यांतले किती साठीआधी जातात, हे दुसरं. रशिया आणि बोट्स्वाना यांचं दुखणं इथे सापडलं असतं. तंबाखू, दारू, रस्ते, हिंसा, क्षय, हृदयविकार हे सगळं या तुकड्यात येतं. आणि पासष्टीला पोचलेल्यांपुढे किती वर्षं आहेत, हे तिसरं. श्रीमंत देशांत आता बहुतेक वाढ याच तुकड्यातून येते. १८४० साली जगात सगळ्यात जास्त जगणाऱ्या स्वीडनच्या बायकांचं आयुर्मान ४५च्या किंचित वर होतं, आणि २०२३ला जपानी बायकांचं ८७.१. ही वाढ पूर्वी मुलांनी दिली, अलीकडे ती आज्या-पणज्यांनी दिली.

बहुतेक देशांची आकडेवारी खाती संपूर्ण जीवनसारणी प्रसिद्ध करतात. वडिलांबद्दल जाणून घ्यायचं असेल तर पहिल्या ओळीवर थांबू नका. पुरुषांची सारणी उघडा, ७१व्या वयाच्या ओळीवर जा आणि शेवटच्या स्तंभात पाहा. सारणी पाच-पाच वर्षांच्या गटांची असेल तर ७०ची ओळ घ्या. तिथे जो आकडा आहे तो त्या ओळीच्या वयापुढे उरलेल्या वर्षांचा आहे, ते वय धरून नाही. तोही सरासरीच आहे. काहींना त्याहून कमी मिळतात आणि जवळपास तितक्याच जणांना त्याहून जास्त. वडील चालते-फिरते असतील, तंबाखू ओढत नसतील, रक्तदाब आटोक्यात असेल, तर त्यांना जास्तीच्या बाजूला धरायला हरकत नाही.